पन्नास किलोमीटरनंतर

आमच्या खोऱ्यात माणूस म्हातारा झाला की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. ऑक्टोबरात त्याच्या गाडीला बर्फावर पकड घेणारी हिवाळी चाकं कोण चढवतं, त्यावर ते ठरतं. स्वतः चढवत असेल तर माणूस खणखणीत. मुलगा येऊन चढवत असेल तर उतरणीला लागला. आणि कोणीच चढवत नसेल, गाडी उन्हाळी चाकांवर तशीच कोठारात उभी असेल, तर समजायचं की चर्चमागच्या वृद्धांच्या वसाहतीत आणखी एका खिडकीला लवकरच पडदे लागणार.

ओद्नीची चाकं गेली बारा वर्षं तिचा दीर हालवर बदलत होता. तिचा नवरा अस्लाक गेला त्या वर्षापासून. ऑक्टोबरात हिवाळी, एप्रिलात उन्हाळी. दर खेपेला ओद्नी त्याला मोल्तेच्या मुरंब्याची एक बरणी देई. मोल्ते ही केशरी रानबेरी दलदलीत गुडघाभर रुतून एकेक वेचावी लागते, आणि ती कुठे मिळते ते आमच्याकडे बाई पोटच्या मुलीलाही सांगत नाही. बारा वर्षांत चोवीस बरण्या. हे मी मोजत बसले नव्हते; मोजलं जातं. मी एकतीस वर्षं वर्कशॉपच्या खिडकीत बसून सुटे भाग विकले आहेत. कोणी काय नेलं आणि काय परत आणलं नाही, हे डोक्यात आपोआप नोंदलं जातं.

त्या गुरुवारी मी ओद्नीच्या स्वयंपाकघरात वाफल खात बसले होते. हालवर आला, बूट दारात काढले, कॉफी ओतून घेतली आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "या वर्षी मी चाकं बदलणार नाही."

"पाठ धरली का रे?" ओद्नीने विचारलं.

"माझी पाठ ठणठणीत आहे. तूच ठणठणीत नाहीस. जानेवारीत काय झालं विसरलीस?"

जानेवारीत झालं ते असं. दुधाच्या जुन्या फळीजवळ रस्ता वळतो. पूर्वी तिथे दुधाचे कॅन ठेवत, आता नुसती कुजकी फळी उरली आहे. त्या वळणावर ओद्नीची गाडी सरकली आणि कुंपण मोडून खड्ड्यात गेली. वेग जेमतेम तीस. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण पन्नास वर्षं ती त्या वळणावरून जात होती. ट्रॅक्टर घेऊन, पोटुशी असताना, अस्लाकला इस्पितळात नेताना. कधी काही झालं नव्हतं. "गाडी ऐकेचना," ती त्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझाच पाय चुकला असेल." आठवड्याने 'असेल'ही गेलं.

"मी शेश्टीशी बोललोय," हालवर म्हणाला. शेश्टी ही ओद्नीची मुलगी, बर्गनला असते. "तिचंही तेच मत. हिवाळ्यात तू गाडी चालवायची नाहीस. आणि गाडीशिवाय तू इथे राहणार कशी? वसाहतीतली ती खोली एक तारखेपर्यंत ठेवलीय तुझ्यासाठी. खिडकीतून नदी दिसते."

"नदी मला इथूनही दिसते."

"इथून दिसते, पण दुकान दिसत नाही. नऊ किलोमीटर आहे."

ओद्नीने माझ्याकडे पाहिलं. मी वाफलीवरचं तपकिरी चीज नीट करत होते. इथे माझ्या खात्यावरची एक रक्कम सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. जानेवारीत शेश्टीने मलाही फोन केला होता. "खरं सांग तुरिद, आईचं कसं चाललंय?" आणि मी म्हटलं होतं, "तिचे हात आता पूर्वीचे राहिले नाहीत गं." प्रेमानेच म्हटलं. आमच्याकडे असली वाक्यं प्रेमानेच म्हणतात.

हालवर गेला. जाताना तिसरी वाफल रुमालात गुंडाळून घेतली.

शनिवारी सकाळी ओद्नी माझ्या दारात. अंगात अस्लाकचा निळा डगला, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"तू एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये होतीस. मला चाक बदलायला शिकव."

"अगं, मी बोल्ट विकले. फिरवला एकही नाही. माझी चाकं अजून वर्कशॉपवालेच बदलतात."

"पण माहिती तर आहे ना सगळी?"

"माहिती आहे."

"मग तू सांग, मी करते. तू बोट लावायचं नाहीस. उद्या कोणी म्हणायला नको की तुरिदने करून दिलं."

"आणि जमलं नाही तर?"

"तर सोमवारी वसाहतीत फोन करून सांगते, पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते."

म्हणजे पैज लागली होती आणि पणाला तिचं घर होतं. मी थर्मास भरला, घडीची खुर्ची घेतली आणि तिच्या कोठारासमोर जाऊन बसले. तिथे गाईंच्या काळातला सिमेंटचा ओटा आहे, पक्का आणि सपाट.

"खडीवर घेऊ नकोस गाडी, ओट्यावर घे. जॅक खडीत रुततो. हां. आता गिअरमध्ये टाक, हँडब्रेक ओढ. किल्ली काढून खिशात ठेव. आता काढायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लाव."

"माझी गाडी पळून जाते की काय?"

"गाड्या नाही पळत, उतार पळवतो. लाव म्हटलं ना."

तिने दगड लावले. मग सरळ जॅक उचलला.

"ठेव खाली! आधी बोल्ट सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. अर्धा फेरा, जास्त नाही. चाक वर उचलल्यावर जोर लावलास तर गाडी जॅकवरून उतरेल, आणि तू खाली असशील."

इथे पहिली अडचण आली. बोल्ट हलेना. ओद्नीने पाना धरून दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं, तोंड लाल झालं. हालवर बोल्ट आवळताना पान्यावर उभा राहतो, हे मी पाहिलं होतं. पंच्याण्णव किलोचा माणूस. त्याला वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. किंवा असंही असेल की त्याने आवळलेलं दुसऱ्या कोणाला सुटू नये. त्या वेळी मी पहिलंच कारण धरलं.

"झालं," ओद्नी म्हणाली. "बघ, पूर्वीचे हात नाहीत."

वाक्य माझंच होतं, फक्त ते तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचलं ते मला ठाऊक नव्हतं.

"हातांचा प्रश्न नाही, लांबीचा आहे," मी म्हटलं. "एखादी नळी आण. पान्याच्या दांड्यावर बसेल अशी."

ती कोठारात गेली आणि दूध काढायच्या यंत्राची मीटरभर पोलादी नळी घेऊन आली. पान्यावर चढवली, टोकाला धरून अंगाचा भार टाकला. कर्र... बोल्ट असा ओरडला की कोठाराच्या छपरावरचे कावळे उडाले. ओद्नी हसली. पाचही सैल केले. मग दारांखालच्या पत्र्याला जिथे खाच आहे, बरोबर तिथे जॅक लावून गाडी उचलली, बोल्ट काढून क्रमाने फडक्यावर मांडले, चाक ओढून काढलं.

"ते चाक आडवं करून गाडीखाली सरकव. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही. आणि गाडीखाली हात, पाय, डोकं, काही घालायचं नाही."

"अस्लाक तर अख्खा आत शिरायचा."

"अस्लाकचं नशीब चांगलं होतं. आपण नशिबावर नाही चालवत."

आता तिने कोठारातून हिवाळी चाक घरंगळत आणलं. त्यावर हालवरच्या हातचा खडू, 'डावं पुढचं'. मागच्या शरद ऋतूत तो चारही चाकं आपल्या घरी घेऊन गेला होता. "धुऊन, बॅलन्स करून आणतो," म्हणाला. त्या खेपेला ओद्नीने त्याला दोन बरण्या दिल्या होत्या. म्हणजे पंचवीस झाल्या, माझी बेरीज चुकली.

"थांब, बाण कुठल्या दिशेला आहे बघू दे," मी खुर्चीतून उठून वाकले. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो बरोबर होता. आणि बाणाच्या शेजारी एक छोटा लंबगोल असतो, त्यात चार आकडे. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. गिऱ्हाईक कधी ते वाचत नाही. खिडकीतली बाई वाचते.

२३१४. दोन हजार चौदाचा तेविसावा आठवडा.

"ओद्नी, ही चाकं तू कधी घेतलीस?"

"दोन वर्षांपूर्वी. तुझ्याच वर्कशॉपमधून. तू निवृत्त झालीस त्या शरदात. विसरलीस? तूच म्हणालीस, मऊ रबराचे घे, बर्फावर पाय रोवतात."

मी विसरले नव्हते. ती माझी शेवटची मोठी विक्री होती. त्या टायरांवर नव्या रबराचे केस होते अजून. समोरच्या टायरात मी नख रुतवून बघितलं. नख रुतेना. दहा वर्षांचं हिवाळी रबर वाळून घोड्याच्या खुरासारखं होतं. नक्षी शाबूत दिसते, खोली मोजली तर चार मिलिमीटर भरते, कायद्यात बसते. फक्त गोठलेल्या रस्त्यावर ते धरत नाही.

"बाकीची तीन बघू."

कोठारात उरलेली तीन चाकं एकावर एक रचलेली होती. ओद्नीने चष्मा लावला आणि मी दाखवलं तिथे स्वतः वाचलं. २३१४. २३१४. २३१४.

"मग माझी कुठे आहेत?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. अस्लाक आणि हालवर, दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून, एकाच रंगाच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. चाकंही एकाच मापाची, टायरही एकाच कंपनीचे.

ती उरलेल्या चाकांच्या चळतीवर बसली. मी कॉफी ओतून दिली, तिने ती हातात धरून ठेवली.

"म्हणजे जानेवारीत," ती म्हणाली, "माझा पाय बरोबर होता."

"बरोबर होता."

"मी तेव्हापासून रोज रात्री पलंगाच्या कडेला बसून पाय हलवून बघते, तुरिद. उजवा. ऐकतो की नाही म्हणून." तिने कप खाली ठेवला. "आणि तो मला खड्ड्यातून काढायला आला. ट्रॅक्टर घेऊन. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, होतं गं असं, वय झालं की. मी त्याला मुरंबा दिला."

ती सव्विसावी.

तिने काढलेलं उन्हाळी चाक परत चढवलं. एकटीने. जमिनीवर बसून, बुटाची टोकं चाकाखाली घालून ते हलकेच उचललं, भोकं जुळवली, बोल्ट बोटांनी बसवले. "समोरासमोरचे आवळ, चांदणी काढतात तसे," मी म्हटलं तेवढंच. मी माझा टॉर्क पाना आणला होता. तो ठरलेल्या जोराला पोचला की टक् करतो, मग थांबायचं. निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपने दिला होता, डबी उघडलीही नव्हती मी. टक्, टक्, टक्, पाच वेळा. मग तिने ती चार जुनी चाकं गाडीच्या मागे भरली.

"बस," ती म्हणाली. "खुर्ची घे."

हालवरची गाडी त्याच्या अंगणात, फरसबंदीवर उभी होती. हिवाळी चाकं लावून तयार. तो दरवर्षी पंधरवडा आधीच लावतो आणि दुकानात सगळ्यांना सांगतो. ओद्नी गाडीजवळ गुडघ्यावर बसली आणि चष्मा सारखा करून लंबगोल वाचला.

"अठ्ठावीस, बावीस," ती मोठ्याने म्हणाली. मग पुढचं चाक. "अठ्ठावीस, बावीस."

हालवर दारात आला. हातात कॉफी. आधी हसला. मग मागे भरलेली चाकं दिसली आणि हसू उतरलं.

"काय चाललंय?"

"वाचतेय," ओद्नी म्हणाली. "गाडी गिअरमध्ये आहे?"

"अगं, ऐकून तर घे—"

"गिअरमध्ये आहे का नाही?"

"आहे."

"हँडब्रेक ओढ. किल्ली मला दे."

त्याने दिली. का दिली ते त्यालाही कळलं नसेल. ओद्नीने सरपणातले दोन ठोकळे चाकाला लावले आणि नळी पान्यावर चढवली.

"हे बघ, त्याचं असं आहे," हालवर माझ्याकडे बघून बोलायला लागला. माणसं अडचणीत आली की तिसऱ्याला पटवतात. "मी आठवड्यातून दोनदा घाट ओलांडतो. ही जाते दुकानात नि चर्चला. तिला काय करायचेत नवे टायर? आणि तिच्या चाकांना चार मिलिमीटर आहेत! कायद्यात बसतं!"

"मग तूच लाव की," मी म्हटलं. "तूही कायद्यातच आहेस ना?"

"तू गप गं, खिडकीतली बाई."

कर्र... पहिला बोल्ट सुटला.

"परत देणारच होतो मी," तो म्हणाला.

"कधी?" ओद्नीने मान वर न करता विचारलं. "मी वसाहतीत गेल्यावर?"

"एक हिवाळा गेला त्यावर, तुला कळलंसुद्धा नाही! मग फरक काय पडला?"

ती थांबली. पाना हातात तसाच. मला वाटलं आता ही काहीतरी मोठं बोलेल. मी असते तर दहा वाक्यं तयार होती. ती म्हणाली, "मला कळलं होतं, हालवर. खड्ड्यात. मी फक्त दोष भलत्याच माणसावर धरला. स्वतःवर."

हालवर आत गेला. थोड्या वेळाने तो आतून मोठा जॅक घेऊन आला. "निदान हा घे, त्या छोट्यावर दमशील."

"बारा वर्षं तुझा जॅक चालला. आता मी माझा चालवते."

चारही चाकं बदलायला दोन तास वीस मिनिटं लागली. मध्ये रस्त्यावरून तीन गाड्या गेल्या आणि तिन्हींचा वेग आमच्यासमोर कमी झाला. म्हणजे सोमवारपर्यंत खोऱ्याला कळणार होतं. नवी चाकं एकेक निघाली आणि जुनी एकेक चढली. आणि गंमत बघा, तिने त्याचे बोल्टसुद्धा टॉर्क पान्याने, चांदणी काढून, प्रत्येकाचा टक् ऐकून आवळले. एकही सैल ठेवला नाही. मी असते तर ठेवला असता असं नाही, पण विचार नक्की केला असता.

हात पुसून तिने किल्ली परत दिली.

"पन्नास किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळायचे. घाटात जाऊ नकोस यांच्यावर. रबर वाळलंय."

"शेश्टीला काय सांगणार आहेस?"

"ते तू सांगशील," ओद्नी म्हणाली. "फोन तूच करतोस ना तिला."

संध्याकाळच्या आत तिची गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी होती. या खेपेला मी खुर्चीतून एकदाही उठले नाही, आणि सांगायला एकदाही काही उरलं नव्हतं. रविवारी शेश्टीचा तिला फोन आला. हालवरने काय सांगितलं कोण जाणे, पण सोमवारी वसाहतीला कळवलं गेलं की ती खोली दुसऱ्या कोणाला द्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पन्नास किलोमीटर राहिले होते.

बुधवारी पहिला बर्फ पडला, दोन बोटं. सकाळी ओद्नीने माझ्या फाटकाशी हॉर्न दिला. "चल, घाटापर्यंत जाऊन येऊ. बोल्ट तपासायचेत."

दुधाच्या फळीजवळचं वळण आलं. तिने मुद्दाम तीसवर ब्रेक दाबला. गाडीने रस्ता धरला आणि मुकाट थांबली. तिने पुन्हा सोडली, पुन्हा दाबली. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं. तो दिसला नाही. ती नव्या कुंपणाकडे बघत होती.

घाटाच्या पायथ्याशी, थांब्यावर, गाडीच्या मीटरवर बावन्न किलोमीटर झाले. तिने दगड लावले, पाना काढला. वीस बोल्ट. टक्. टक्. एकोणीस जागचे हलले नाहीत. मागच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट पाव फेरा फिरला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "पक्का वाटत होता."

तिने तो आवळला. मग पाना हातात धरूनच, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुरिद, 'हात पूर्वीचे राहिले नाहीत' हे शेश्टीला कोण म्हणालं? रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, 'सगळेच म्हणत होते गं आई, नुसता काका नाही.' मी विचारलं, सगळे म्हणजे कोण. ती गप्प झाली."

मी एकतीस वर्षं खिडकीत गिऱ्हाइकांना सांगत आले होते की हा भाग आमच्याकडचा नाहीच. ते वाक्य तोंडावर आलं होतं.

"मी म्हणाले," मी सांगितलं. "जानेवारीत."

"गाडी बघितली होतीस तेव्हा? टायर?"

"नाही."

"तुला वाचता येतात ते आकडे. साऱ्या खोऱ्यात तुलाच येतात."

"हो."

तिने पाना फडक्याने पुसला, डबीत ठेवला, डबीची कडी लावली. तो पाना माझा होता. तिने डबी माझ्या मांडीवर ठेवली. परतीच्या बावन्न किलोमीटरात ती हवेबद्दल बोलली, चर्चच्या छपराबद्दल बोलली. माझ्या फाटकाशी गाडी थांबली. नेहमी ती इंजिन बंद करते आणि म्हणते, "टाक कॉफी." चाळीस वर्षांचा रिवाज आहे.

इंजिन चालू राहिलं. मी उतरले, दार लावलं. बर्फात तिच्या चाकांचे माग स्वच्छ उमटले होते, सरळ, कुठेही न घसरता तिच्या घराकडे गेलेले.